साध्या काचांचा चष्मा

"ही बरी, की आधीची?" लेकीने तपासणीच्या जड फ्रेममध्ये दुसरी काच सरकवली.

खुर्चीत बसलेल्या निवृत्त कंडक्टरांनी मान मागे घेतली, समोरच्या तक्त्यावर नजर रोखली आणि शेवटून दुसरी ओळ थांब्यांची नावे पुकारावीत तशी खड्या आवाजात वाचून दाखवली. एका डोळ्यावर काळी चकती, दुसऱ्यावर काच, अशा थाटात ते आरामात बसले होते. फ्रेम नाकावर असेपर्यंत माणूस उठून जात नाही, हे लेकीला धंद्यात केव्हाच कळले होते. म्हणून विषय काढायला तिने हीच वेळ निवडली.

"काका, परवा दुपारी जरा वेळ काढाल? नगरपालिकेत यायचंय. वाचनालयाच्या नावासाठी."

"येतो की. तुझ्या बाबांचं नाव लागणार म्हटल्यावर न येऊन कसं चालेल? काय सांगायचं, बोल."

बाबांना जाऊन अडीच-तीन महिने झाले होते. चष्म्याचे हे दुकान त्यांचेच. गावभर ते 'चष्मेवाले काका' म्हणून ओळखले जात, आणि त्यांचा अर्धा जन्म दुकानात गेला असेल, तर उरलेला अर्धा नगरपालिकेच्या बाकांवर. ते गेले त्या दिवशी बाजारातल्या लोकांनी कोणी न सांगता दुकाने बंद ठेवली होती. आता जुन्या पाणीपुरवठा कचेरीच्या जागी नवे वाचनालय उभे राहिले, आणि त्याला काकांचे नाव द्या, असे जो तो म्हणू लागला. पण नुसते म्हणून भागत नव्हते. नामकरण समितीचा नियम होता, की गेलेल्या माणसाने नेमके काय काम केले ते लोकांनी समितीपुढे येऊन सांगावे. दुसरे नाव माजी नगराध्यक्षांच्या वडिलांचे होते. त्यांचे सगळ्यात मोठे सार्वजनिक कार्य म्हणजे माजी नगराध्यक्षांना जन्म देणे. पण ते सांगायला माणसे भरपूर होती.

लेकीने हे नाव अगदी मनावर घेतले होते. आयुष्यभर बाबा कुठल्या फलकावर आले नाहीत, कुठल्या कोनशिलेवर आले नाहीत. फोटो काढायची वेळ आली की मागच्या मागे पसार. निदान एका दारावर तरी त्यांचे नाव लागावे, जाता-येता आईने ते वाचावे, एवढेच तिला हवे होते.

"बसथांब्याचं सांगा," ती म्हणाली. "आधी नाल्यापलीकडे होता, तो बाबांनी दवाखान्यासमोर आणला, ते."

कंडक्टर तिच्याकडे वळले. काळ्या चकतीआडचा डोळा काय करत होता कोण जाणे, पण उघडा होता तो चांगलाच मोठा झाला.

"कोणी आणला?"

"बाबांनी."

"अगं, तो मी आणला!"

रागाने नव्हे, पाढे चुकणाऱ्या मुलाला सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. "सगळी नोकरी त्याच मार्गावर गेली माझी. म्हातारी माणसं दवाखान्यासाठी उतरायची आणि नाल्यावरून चालत यायची, धापा टाकत. शेवटी आगारप्रमुखांसमोर उभा राहिलो. म्हटलं, साहेब, एकदा माझ्याबरोबर चाला तिथनं. चालवलं त्यांना, भर उन्हात. परत येऊन खुर्चीत बसले आणि सही केली."

"आणि बाबा?"

"होते ना. सोबत होते. भला माणूस, त्यात वाद नाही. पण काय झालं, साहेबांनी नकाशा पुढे टाकला आणि म्हणाले, दाखवा कुठे हवाय थांबा. तर काका खिसे चाचपायला लागले. चष्मा दुकानात राहिला म्हणे!" कंडक्टर इतके हसले की नाकावरची फ्रेम हलली. "दुकानभर चष्मे, आणि कामाच्या वेळी नाकावर एक नाही. मग काय, मीच बोट ठेवून दाखवलं. साहेबांपुढे बोलायची सवय कुठे होती मला? पण एकदा बोट नकाशावर टेकलं, आणि मग जीभही सुटली बघ, तेव्हाच म्हटलं त्यांना, चला माझ्याबरोबर."

लेकीने फ्रेममधली काच काढून पेटीत ठेवली. ती भलत्याच खणात गेली.

"तरी या तुम्ही," ती म्हणाली.

"येणार तर. सगळं पहिल्यापासून सांगतो."

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ती बाजारात गेली. भाजीवाली मावशी तिची हुकमी माणूस होती. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी एकही स्वच्छतागृह नव्हते, त्या काळाची मावशी साक्षीदार. सकाळी घरून निघताना बायका घोटभर पाणीसुद्धा पीत नसत, उन्हाळ्यातही. बाबांनी त्यासाठी नगरपालिकेचा उंबरा झिजवला, हे लेक लहानपणापासून ऐकत आली होती. निदान तिला तसे ऐकल्याचे आठवत होते.

"येईन की," मावशी टोमॅटोंवर पाणी शिंपडत म्हणाली. "मी कशी भांडले ते सांगते."

"तुम्ही?"

"मग दुसरं कोण? तो साहेब नवा होता, कोवळा. बायकांचं नाव काढलं की कानापर्यंत लाल. म्हणाला, निधी नाही, जागा नाही, बघू. मी म्हटलं, साहेब, सकाळपासनं तुम्ही या खुर्चीवरून किती वेळा उठून जाऊन आलात? आठवा जरा. आम्ही उठलो नाही. अख्खी कचेरी खाली मान घालून हसत होती. साहेब हसला नाही. दुसऱ्याच दिवशी जागा बघायला आला."

लेकीने ओठ आवळले. मग जरा दबकतच विचारले, "बाबा नव्हते तिथे?"

"होते गं. काका बिचारे बाकावर बसून होते. साहेब म्हणाला, अर्ज वाचून दाखवा. तर काकांचा चष्मा दुकानात! अर्ज दिला माझ्या हातात. मला कुठं वाचता येतं? तर म्हणतात, मावशी, त्यात तुझंच दुखणं लिहिलंय, ते काय वाचून दाखवायचं? मग मी दिला ठेवून कागद टेबलावर आणि सुटले." मावशीने ओला हात पुसला. "तवापासनं बाजारातलं काही असलं की सगळ्या मलाच पुढं करतात. मावशी, तुम्ही बोला. मावशी, तुम्ही चला. डोक्याला ताप नुसता."

डोक्याला ताप म्हणताना मावशीचा चेहरा मात्र असा खुलला होता, की लेकीने विषय तिथेच सोडला. तिने नको असलेले पावशेर टोमॅटो घेतले आणि ती निघाली.

रस्ताभर ती धुमसत होती. ज्या माणसाने यांच्यासाठी जोडे झिजवले, तो यांच्या हिशेबी बाकावर बसलेला एक विसरभोळा म्हातारा. माणूस गेला की त्याचे काम वाटून घ्यायला किती दिवस लागतात? तीन महिनेसुद्धा नाहीत. घराच्या वळणापर्यंत ती मनातल्या मनात दोघांना खूप बोलली. वळणावर मात्र तिचे पाऊल थबकले.

चष्मा?

बाबांना चष्मा नव्हताच. दुकानात त्यांच्या नाकावर जाड काळ्या काड्यांची एक फ्रेम असे, हे खरे. पण तिच्यातल्या काचा साध्या होत्या, बिननंबरी. 'चष्मेवाल्याच्याच नाकावर चष्मा नसला, तर गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवणार?' असे म्हणून ते ती सकाळी चढवत आणि बाहेर पडताना खिळ्याला अडकवून ठेवत. त्यांचे डोळे लेकच दरवर्षी तपासायची. उजवा लांबचे लख्ख बघायचा, डाव्याला बारीकसा नंबर होता, तो जवळचे बघायचा. दोघांनी काम वाटून घेतले होते. त्यामुळे सत्तरी उलटली तरी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरे ते सहज वाचत, आणि आपणच आपल्या दुकानाचे सगळ्यात वाईट गिऱ्हाईक, असे वर म्हणत.

दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगताना एकच चूक कशी करतील, हे तिला कळेना. टोमॅटोची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती तिथे बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास ती मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेली. शाळेसमोरच्या रस्त्यावरून पूर्वी ट्रक मोकाट धावत. आता तिथे गतिरोधक होते, पांढरे पट्टे होते, आणि शाळा भरताना-सुटताना एक पोलीस उभा असे. लेकीने या वेळी आडवळण घेतले नाही.

"बाई, रस्त्याच्या कामासाठी तुम्ही नगरपालिकेच्या सभेत गेला होता, तेव्हा बाबा चष्मा विसरले होते का?"

बाई चकित झाल्या. "तुला कसं कळलं?"

"असंच. सांगा ना."

"अगं, काय सांगू! सभागृह माणसांनी भरलेलं. निवेदन मीच लिहिलं होतं. म्हणजे झालं असं, की तुझे बाबा म्हणाले, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुम्हीच लिहा. पण वाचणार ते, असं आमचं ठरलं होतं. मी त्या अटीवरच गेले होते. वर्गात मी वाघीण असेन, पण चार मोठ्या माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसायचे. आमचा क्रमांक आला. तुझे बाबा उठले. कागद लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला, आणि म्हणाले, बाई, घोटाळा झाला हो, चष्मा राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तर त्यांचा इतका राग आला!"

लेकीच्या डोळ्यांपुढे बाबा उभे राहिले. भर सभेत कागद मागेपुढे करणारे, कपाळाला आठ्या घालणारे बाबा. बाबांचे अक्षर इतके बारीक आणि नेटके होते, की काचांच्या चिमुकल्या पाकिटांवर त्यांनी लिहिलेले आकडे छापल्यासारखे दिसत. तो कागद त्यांना समोरच्या भिंतीवर टांगला असता तरी वाचता आला असता. तिला एकदम हसू फुटले. तिने तोंडावर हात धरला, पण हसू थांबेना, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बाईंनी वर्गातल्या आवाजात विचारले.

"काही नाही बाई. बाबांची आठवण आली."

बाई जरा नरमल्या. "वाचलं मग मीच," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन ओळी कशा वाचल्या ते माझं मला माहीत. तिसऱ्या ओळीला कागद खाली ठेवला आणि बोलायलाच लागले. त्या दिवसापासनं घाबरायचं सोडलं मी. आता नगरपालिकेत माझी मी जाते, कोणाला सोबत न्यावं लागत नाही. मी येते उद्या. हे सगळं सांगते."

घरी आली तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. लेक तिच्यासमोर बसली.

"आई, बाबा कचेरीतनं आले की काय सांगायचे गं?"

"सांगायचे कुठले? हसायचे आधी पोटभर. आज कंडक्टरने साहेबाला उन्हात हिंडवलं. आज मावशीने साहेबाची बोलती बंद केली. आज बाई बोलल्या, बाई! नाटक बघून आल्यासारखं सांगायचे. इकडे ताटातलं गार."

लेकीने हे सगळे ऐकले होते, याच घरात, याच जमिनीवर बसून. बाबा 'मी' म्हणत नाहीत तो त्यांचा विनय, असे तिने धरून चालले होते. त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीतला दुसऱ्याचा पराक्रम तिने स्वतःच काढून बाबांच्या नावावर जमा केला होता.

"तुला चष्म्याचं माहीत होतं?"

"इतकी वर्षं संसार केला मी," आई म्हणाली. "नसलेला चष्मा विसरून येणारा माणूस मला कळणार नाही?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? आणि सांगून काय करू?"

"मी सांगणार आहे." लेक उठून उभी राहिली. तिच्या आवाजात कालपासूनचा सगळा राग उलटा होऊन आला होता. "उद्या ती फ्रेमच नेते दुकानातनं. ठेवते समितीपुढे. म्हणते, घालून बघा, काचा साध्या आहेत. या माणसाने आयुष्यभर न दिसण्याचं सोंग केलं, आणि या गावात बोलणारी माणसं तयार केली. मग बघू माजी नगराध्यक्षांचे वडील कुठे टिकतात ते."

आईने शर्टाच्या बाह्या जुळवल्या, घडी घातली, त्यावरून हात फिरवला.

"सांग," ती म्हणाली. "नाव लागेल."

लेक आत जायला वळली.

"उद्या मावशी पण येणार का गं?" आईने मागून विचारले.

"येणार तर. पहिल्या रांगेत बसते म्हणाली."

"हं," आई म्हणाली, आणि तिने पुढचा टॉवेल उचलला.

समितीची बैठक नगरपालिकेच्या छोट्या सभागृहात होती. लांबलचक टेबल, त्यामागे सदस्य, मधोमध टक्कल पडलेले, सौम्य चेहऱ्याचे अध्यक्ष. आधी माजी नगराध्यक्षांच्या वडिलांची पाळी झाली. तिघांनी भाषणे केली. तिन्हींत 'निःस्वार्थ' हा शब्द त्याच जागी आला, त्यामुळे ती कोणी लिहून दिली असावीत ते सगळ्यांना समजले. सदस्यांनी जांभया आवरल्या.

मग लेकीची माणसे उठली आणि सभागृहाला जाग आली. कंडक्टर छाती काढून उभे राहिले आणि त्यांनी आगारप्रमुखांना पुन्हा एकदा त्या नाल्यावरून चालवून आणले. बाईंनी हातात कागद न घेता बोलायला सुरुवात केली आणि शेवटचे वाक्य अशा ठिकाणी संपवले, की दोन सदस्यांनी नकळत टाळ्या वाजवल्या. मावशी ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिच्यापुढे माइक धरला, तर तो तिने हाताने बाजूला केला. गरजही नव्हती. 'आम्ही उठलो नाही' हे वाक्य तिने असे काही टाकले, की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसे दारात येऊन डोकावली. मोठा हशा झाला.

अध्यक्षांनी डोळ्यांतले पाणी पुसले. ते हसून आले होते की आणखी कशाने, ते कळले नाही.

"ऐकून फार बरं वाटलं," ते म्हणाले. "पण एक माझ्या लक्षात येत नाही. बसथांबा यांनी आणला. बाजारातली सोय या मावशींनी केली. रस्त्याचं काम बाईंनी करून घेतलं. मग तुमच्या वडिलांनी काय केलं?"

कंडक्टरांनी चमकून बाईंकडे पाहिले. आपण ज्याच्यासाठी आलो त्याचे सांगायचेच राहिले, हे त्यांच्या आत्ता कुठे ध्यानात आले असावे. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मावशी समोर बघत होती.

लेक उभी राहिली. तिचा हात पर्समध्ये गेला आणि फ्रेमच्या काडीला लागला. वाक्ये तिच्या ओठांवर होती, रात्रभर घोकलेली. एक फ्रेम टेबलावर ठेवायची, दोन वाक्ये बोलायची. टक्कल पडलेले अध्यक्ष ती डोळ्यांना लावतील, इकडेतिकडे बघतील, आणि बाबांचे नाव दगडात कोरले जाईल.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिले. कंडक्टरांचे खांदे अजून ताठ होते. बाईंच्या गालांवर भाषणाची लाली होती. मावशी पाय रोवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, घरच्या ओट्यावर बसावी तशी बसली होती. काल-परवापर्यंत लेकीला वाटत होते की यांनी बाबांचे काहीतरी घेतले आहे. घेतले होतेच. बाबांनी ते हातात ठेवले, आणि यांनी घट्ट धरले. आता चारचौघांत ते परत मागायचे? तुम्ही शूर नव्हता, तुम्हाला शूर करण्यात आले, असे यांच्या तोंडावर म्हणायचे? तिला बाबांचा इतका अभिमान उभ्या जन्मात वाटला नव्हता, आणि नेमका आजच तो गिळून टाकायचा होता. तिने पर्सची चेन लावली.

"यांनी सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "कामं यांचीच. बाबा सोबत असायचे."

"फक्त सोबत?"

"हो," लेक म्हणाली. "सोबत."

अध्यक्षांनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले, मग मान हलवली आणि शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी सांगितले. निर्णयाला वेळ लागला नाही. वाचनालयाला माजी नगराध्यक्षांच्या वडिलांचे नाव एकमताने देण्यात आले. तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या, आणि आपल्याला वाईट कसे वाटत नाही, याचे तिचे तिलाच नवल वाटले.

बाहेर पडताना कंडक्टरांनी तिला गाठले. ते खरोखर हळहळले होते.

"मनाला लावून घेऊ नकोस हां, पोरी," ते म्हणाले. "माणूस लाखमोलाचा होता. आता हातून काम झालं नसेल एखाद्याच्या, म्हणून काय झालं?"

"खरंय, काका," लेक म्हणाली. हसू आवरायला तिला खाली बघावे लागले.

ते आणि बाई पुढे गेले. लेक मावशीच्या चालीने हळूहळू व्हरांड्यातून निघाली. पाणीपुरवठा विभागाच्या दाराशी एक तरुण बाई घुटमळत होती. कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली. बाटलीतले पाणी मातकट होते. मावशीला पाहताच तिचा जीव भांड्यात पडला.

"मावशी! देवासारख्या भेटलात. हे बघा आमच्या गल्लीचं पाणी. आठवडा झाला. दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले मी. तुम्ही चला ना आत, तुम्ही बोललात की होतं काम."

मावशीने बाटली घेतली, उजेडाकडे धरली, हलवली, आणि तोंड वाकडे केले.

"चलते की," ती म्हणाली. "चल."

दोघी दारापर्यंत गेल्या. दारात मावशी थांबली. तिने गळ्यावर हात ठेवला, दोनदा खाकरली, आणि अगदी खोल गेलेल्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, घोटाळा झाला बघ. सकाळपासनं आवाज बसलाय माझा. साहेबाला काही ऐकूच जायचं नाही. तूच सांग. मी हाय हितं, दाराशी."

"मला नाही जमायचं हो, मावशी."

"बाटली ठेव त्याच्या टेबलावर. म्हणावं, हे पोराला पाजू का? एवढंच विचार. आण ते लेकरू इकडं."

मूल मावशीच्या मांडीवर आले, ती बाकावर टेकली, आणि त्या बाईला आत जाण्यावाचून इलाज राहिला नाही. दार तिच्यामागे अर्धवट लोटले गेले. मग बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग तिचा आवाज, चाचरत, तुटक. कोणीतरी तिला मध्येच थांबवले. ती थांबली, आणि पुन्हा बोलू लागली, या वेळी जरा मोठ्याने.

लेक बाकापाशी उभी राहून मावशीकडे बघत होती. मावशी मुलाला पायांवर डोलवत दाराकडे कान लावून बसली होती.

"मावशी," लेक म्हणाली, "तुमचा आवाज तर आत्ता—"

"बसलाय म्हटलं ना," मावशी नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, आणि बाकावर थोडी सरकून तिने लेकीला जागा करून दिली.